नोत्र दाम विद्यापीठाची माजी विद्यार्थी मंडळे व त्यांची वार्षिक पंगत

विद्यार्थी विद्यालय सोडून गेला म्हणजे त्याचे व त्या विद्यालयाचे नाते संपले, अशी समजूत आपल्यात बरीच रूढ आहे. फी भरली, परीक्षा दिली, दाखला घेतला, की हिशेब चुकता झाला. पुढे कधी त्या वाटेने जाणे झाले तर जुनी इमारत पाहून चार आठवणी निघतात, एवढेच. अमेरिकेत मात्र गेल्या दोनशे वर्षांत ह्या नात्यास एक निराळेच रूप आले आहे. तेथे विद्यालयातून बाहेर पडलेले लोक ज्या शहरी जाऊन राहतात त्या शहरी आपले मंडळ स्थापितात, वर्षातून एकदा एकत्र भोजन करितात, आणि त्या भोजनाच्या निमित्ताने विद्यालयाच्या संसारात वाटेकरी होतात. वरवर पाहणारास हा सुखवस्तू लोकांचा शोक वाटेल, व कित्येक ठिकाणी तो तसा आहेही. तथापि एका कॅथलिक विद्यापीठाच्या बाबतीत ह्या पंगतींनी जे कार्य केले ते आमच्या धर्मग्रामातील वाचकांस सांगण्याजोगे आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

ह्या प्रथेचा उगम मुळी मेजवानीत नव्हे, तर संकटात झाला. मॅसॅच्युसेट्स संस्थानात डोंगराळ मुलखात विल्यम्स नावाचे एक लहानसे कॉलेज होते. इ. स. १८२१ मध्ये त्याचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे काही विद्यार्थ्यांसह ते कॉलेज सोडून अ‍ॅमहर्स्ट येथे निघालेल्या नव्या विद्यालयाकडे गेले. आता कॉलेज मोडणार असे दिसू लागले, तेव्हा तेथे शिकून गेलेली माणसे एकत्र जमली व त्यांनी आपला एक संघ स्थापन केला. अमेरिकेतील माजी विद्यार्थ्यांच्या संघांत तोच सर्वांत जुना मानला जातो. कॉलेज वाचले, आणि ही गोष्ट पाहून इतर विद्यालयांनीही तोच मार्ग धरिला.

आता आपल्या विषयाकडे वळू. इंडियाना संस्थानाच्या उत्तर भागात दोन लहान तळ्यांच्या काठी काही जमीन होती. अमेरिकेत ज्यांस प्रथम गुरुदीक्षा मिळाली त्या फादर स्टीफन बादँ ह्यांनी ती पूर्वी मिशनसाठी घेऊन ठेविली होती. दोन वर्षांत तेथे कॉलेज उभारावे ह्या अटीवर व्हिन्सेन्सच्या बिशपांनी ती जमीन होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एद्वार सोरँ ह्यांच्या हवाली केली. इ. स. १८४२ च्या नोव्हेंबरात, बर्फ पडत असता, अठ्ठावीस वर्षांचा हा तरुण गुरू काही व्रतस्थ ब्रदरांसह तेथे येऊन पोहोचला. पवित्र मातेच्या नावाने त्याने संस्थेचे नाव ठेविले, आणि १८४४ च्या जानेवारीत संस्थानाच्या विधिमंडळाने त्या लाकडी घरांच्या पुंजक्यास विद्यापीठाची सनद दिली! 'नोत्र दाम' म्हणजे फ्रेंच भाषेत 'आमची माता'. अमेरिकन लोक मात्र त्याचा उच्चार 'नोटर डेम' असा करितात, व तो त्यांच्या तोंडी इतका बसला आहे की आता खुद्द फ्रेंच मनुष्याचेही तेथे कोणी ऐकावयाचे नाही.

विद्यापीठ हे नाव मोठे असले तरी प्रारंभी तेथे अक्षर गिरविणाऱ्या बालकांपासून लॅटिन शिकणाऱ्या तरुणांपर्यंत सर्वांची सरमिसळ होती. रोख पैसा दुर्मिळ, म्हणून कित्येक शेतकरी मुलाच्या फीबद्दल गुरेढोरे वा धान्य आणून घालीत. पहिल्या पदव्या १८४९ साली देण्यात आल्या, त्या दोघांनाच. अशा ठिकाणी माजी विद्यार्थी म्हणजे पदवीधर ही व्याख्या कशी चालावी? एकदोन वर्षे शिकून वडिलांच्या दुकानात बसलेला मुलगाही 'आमचाच' म्हणून गणला जाई, आणि ही उदार गणना त्या संस्थेस पुढे फार उपयोगी पडली. इ. स. १८६८ मध्ये तेथील माजी विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला. आमच्या वाचकांस काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो की, मुंबईस येसू संघाचे सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले ते त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६९ साली.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २३ एप्रिल १८७९ रोजी, विद्यापीठाची मुख्य इमारत आगीत जळून खाक झाली. फादर सोरँ तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. सर्वांनी धीर सोडला असता त्या वृद्ध गुरूंनी, आपण पहिली इमारतच फार लहान बांधिली होती, आता मोठी बांधू, अशा आशयाचे उद्गार काढिले असे सांगतात. विद्यार्थ्यांस घरी पाठविण्यात आले, आणि सप्टेंबरात ते परत आले तेव्हा नवी इमारत त्यांच्यासाठी उभी होती. ज्या सोन्याच्या मुलाम्याच्या घुमटावर पवित्र मातेची मूर्ती आहे व ज्याचे चित्र आज जगभर ओळखले जाते, तो घुमट ह्याच इमारतीवर पुढे चढला.

परंतु इमारत उभारणे एक, आणि विद्यापीठ चालविणे दुसरे. श्रीमंत प्रॉटेस्टंट कॉलेजांपाशी दात्यांनी ठेविलेला मूळनिधी असे, व त्याच्या व्याजातून प्राध्यापकांचे पगार भागत. नोत्र दामपाशी निधी असा नव्हताच. त्याची पुंजी म्हणजे वेतन न घेता शिकविणारे गुरू व ब्रदर. विद्यार्थी वाढले, शास्त्रे वाढली, तसे प्रापंचिक प्राध्यापक नेमणे भाग पडले, आणि प्रापंचिकास तर बायकामुले असतात! इ. स. १९१९ मध्ये अध्यक्षपदी आलेले फादर जेम्स बर्न्स ह्यांनी हा प्रश्न प्रथम नीट हाती घेतला. रॉकफेलर ह्यांच्या देणगीतून चालणाऱ्या शिक्षण मंडळाने अडीच लक्ष डॉलर देऊ केले, पण अट अशी की विद्यापीठाने स्वतः साडेसात लक्ष उभे करावे. स्वतः रॉकफेलर बॅप्टिस्ट पंथाचे, आणि घेणारे कॅथलिक गुरू. त्या काळी ही गोष्ट काही सामान्य नव्हती.

साडेसात लक्ष डॉलर कोठून आणावयाचे? माजी विद्यार्थी बहुतेक वकील, डॉक्टर, लहान व्यापारी, इंजिनियर. अब्जाधीश असा त्यांत कोणी नव्हता. तेव्हा शहरोशहरी विखुरलेली माणसे शोधून काढावी, त्यांची मंडळे बांधावी, त्यांच्यासमोर जाऊन बोलावे, हाच उपाय उरला. ह्या कामात फुटबॉलचे शिक्षक नूट रॉक्नी ह्यांनीही भाषणे देऊन पुष्कळ हात लाविला. रॉक्नी जन्माने नॉर्वेचे, स्वतः १९१४ चे पदवीधर, व त्या वेळी पंथाने लुथेरन. कॅथलिक धर्मात त्यांनी १९२५ साली प्रवेश केला. फादर बर्न्स ह्यांनी तर १९२२ मध्ये अध्यक्षपद सोडिल्यावरही निधीचे काम सोडिले नाही, आणि शेवटी ती रक्कम पुरी झाली. ह्याच सुमारास निधीची व्यवस्था पाहण्यासाठी प्रापंचिक गृहस्थांचे एक विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. पैसे ज्यांनी द्यावयाचे त्यांनीच ते सांभाळावे, हा विचार आमच्या मते फार दूरदर्शी होता.

निधी जमला, मंडळे मात्र बांधलेली राहिली. त्यांस जोडून ठेवण्यासाठी १९२३ मध्ये एक मासिक निघाले, आणि १९२४ साली एक नवी कल्पना पुढे आली. ती अशी की, वर्षातील एक रात्र नेमावी, व त्या एकाच रात्री देशातील, किंबहुना जगातील, सर्व मंडळांनी आपापल्या ठिकाणी पंगत मांडावी. तिला 'सार्वत्रिक नोत्र दाम रात्र' असे नाव पडले. पुढे हा दिवस बहुधा ईस्टरनंतरच्या एखाद्या सोमवारी येई. ह्यातील मर्म कॅथलिक वाचकांस समजावून सांगावयास नको. उपवासकाळात मेजवानी कशी करावी, आणि शुक्रवारी मांसाशन वर्ज्य असता पाहुण्यांच्या पानांत काय वाढावे? पुनरुत्थानाचा आनंद ताजा असतानाचा काळ ह्या कामी सर्वांत सोयीचा. आणखी एक मौजेची गोष्ट म्हणजे १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदीचा कायदा होता. मिस्सेच्या द्राक्षारसास त्यातून सूट होती, मेजवानीच्या पेल्यास नव्हती. म्हणून ह्या प्रथेची पहिली दहा वर्षे, कायद्याप्रमाणे तरी, पाणी आणि कॉफी ह्यांवरच गेली. कायद्याबाहेर काय झाले असेल ह्याची चौकशी आम्ही करीत नाही.

त्या १९२४ सालाचे महत्त्व ध्यानी येण्यास बाहेर काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. कॅथलिक, यहुदी व निग्रो ह्यांचा द्वेष करणारी कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना त्या वेळी दक्षिणेत नव्हे, तर इंडियानातच अत्यंत प्रबळ झाली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिच्या पाठिंब्याचा मनुष्य त्या संस्थानाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. त्याआधी, १७ मे रोजी, क्लॅनच्या लोकांनी विद्यापीठाच्या दाराशी असलेल्या साउथ बेंड शहरातच मोठा मेळावा भरविला. विद्यार्थ्यांचे रक्त तापले. आगगाडीतून उतरणाऱ्या क्लॅनवाल्यांचे पांढरे झगे व टोप्या त्यांनी हिसकावून घेतल्या, आणि क्लॅनच्या कचेरीच्या खिडकीत विजेच्या दिव्यांचा क्रूस लाविला होता त्यावर बटाट्यांचा मारा करून ते दिवे फोडिले. दोन दिवसांनी पुन्हा दंगल उसळली, तेव्हा अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श हे स्वतः रात्री शहरात गेले, न्यायकचेरीपुढील युद्धस्मारकावर चढून उभे राहिले, व त्यांनी मुलांस समजावून परत नेले. मुलांचा आवेश आम्हांस समजतो. परंतु त्या रात्री शौर्य कोणाचे अधिक, असे विचाराल तर आम्ही फादर वॉल्श ह्यांच्याकडे बोट दाखवू.

हे एका गावापुरते नव्हते. ऑरेगन संस्थानाने १९२२ साली मतदान घेऊन असा कायदा केला होता की प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे. म्हणजे कॅथलिक शाळा बंदच पडावयाच्या. तो कायदा वरिष्ठ न्यायालयाने १९२५ मध्ये रद्द केला. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अ‍ॅल स्मिथ हे १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदास उभे राहिले, तेव्हा पोपांचा हस्तक म्हणून त्यांची जी निंदा झाली ती प्रसिद्धच आहे. अशा दिवसांत एखाद्या शहरातील चांगल्या हॉटेलात पन्नास-शंभर कॅथलिक गृहस्थांनी उघडपणे जमावे, गुरूंनी भोजनापूर्वी प्रार्थना म्हणावी, नगरातील इतर पंथांच्या प्रतिष्ठितांस पाहुणे म्हणून बोलवावे, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याची हकीकत यावी, ह्याचा अर्थ केवळ जेवण असा राहत नाही. आम्ही येथलेच आहो, शिकलेले आहो, आणि आमच्या मातेचे नाव घेण्यास लाजत नाही, असे त्या पंगतीने न बोलता सांगितले.

ह्या पंगतीची रीत कशी असे तेही थोडक्यात सांगतो. आधी प्रार्थना, मग भोजन, मग सूत्रधार उठून विनोद करितो. विनोद बहुधा जुनेच असतात. विद्यापीठाकडून आलेला गुरू वा प्राध्यापक तेथील वर्तमान सांगतो, चिटणीस जमाखर्च वाचितो, नव्या वर्षाचे अधिकारी निवडले जातात, त्या भागातील कोण्या सत्पुरुषाचा गौरव होतो, आणि शेवटी सर्वजण उभे राहून विद्यापीठाचे गीत म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात त्या रात्री नभोवाणीवरूनही कार्यक्रम होऊ लागले, आणि दूरदूरच्या शहरांतील मंडळी जेवता जेवता एकच भाषण ऐकू लागली. तिकिटाचा पैसा हॉटेलवाल्याच्या घरी जातो. विद्यापीठास त्यातून फारसे काही मिळत नाही. मिळते ते पुढे. शेजारी बसलेल्या दोघांत बोलणे होते, एक म्हणतो की अमुक विधवेचा मुलगा हुशार आहे, दुसरा म्हणतो की त्याच्या फीचे आपण पाहू; आणि शिष्यवृत्तीचा जन्म होतो. आज बहुतेक मंडळांचा शिष्यवृत्तीचा निधी हेच मुख्य काम झाले आहे.

येथे एक दोषही सांगितला पाहिजे. तिकीट काढून जेवावयाचे म्हटले की ज्याच्या खिशात पैसा नाही तो घरीच राहतो. सन १९२९ नंतरच्या मंदीत असे घरी राहणारे थोडे नव्हते. म्हणून त्याच दशकात दुसरी एक प्रथा निघाली ती आम्हांस पंगतीहूनही अधिक आवडते. डिसेंबरात, अमलोद्भव मातेच्या सणाजवळच्या रविवारी, प्रत्येक मंडळाचे सभासद सहकुटुंब एका चर्चमध्ये जमून एकत्र मिस्सा ऐकत व कम्युनियन घेत, आणि नंतर एकत्र न्याहारी करीत. त्या काळी कम्युनियन घेणारास मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य असे; हा नियम बाराव्या पायस पोपांनी १९५३ मध्ये व पुन्हा १९५७ मध्ये सैल केला. त्यामुळे मिस्सेनंतरची ती न्याहारी किती गोड लागत असेल ह्याची कल्पना आमच्या वृद्ध वाचकांस सहज येईल. कम्युनियनच्या कठड्याशी गुडघे टेकण्यास तिकीट लागत नसे. न्यायाधीश व बेकार कारकून तेथे खांद्यास खांदा लावून बसत.

आणि मग ज्यांनी विद्यापीठाचे दारही पाहिले नव्हते असे 'माजी विद्यार्थी'! हा प्रकार जगात दुसरीकडे क्वचितच आढळेल. रॉक्नी ह्यांच्या संघाची कीर्ती झाली, १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात त्याने स्टॅनफर्डच्या संघाचा सत्तावीस विरुद्ध दहा असा पराभव केला, तेव्हा देशभरच्या गरीब कॅथलिकांस हा विजय आपला वाटला. त्या सामन्यास जाताना संघाने मुद्दाम दक्षिणेचा लांबचा मार्ग धरिला; न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, टूसॉन अशा गावी मुक्काम पडले व तेथील कॅथलिकांनी मुलांस पाहुणचार केला. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक दर वर्षी लष्करी विद्यालयाच्या संघाशी सामना होई. तो पाहावयास आयरिश, इटालियन, पोलिश कामकऱ्यांची झुंबड भूमिगत आगगाडीने येई. हमाल, पोलीस शिपाई, गवंडी अशी ती माणसे. कॉलेज त्यांच्या स्वप्नातही नव्हते. लोकांनी त्यांस थट्टेने 'भुयारी गाडीचे माजी विद्यार्थी' असे नाव दिले, व त्यांनी ते मानाने मिरविले. संघास शत्रूंनी कुत्सितपणे लाविलेले 'झुंजार आयरिश' हे नावही फादर वॉल्श ह्यांनी १९२७ मध्ये अधिकृत करून टाकिले. रॉक्नी ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस संस्थानात विमान कोसळून मरण पावले, त्या वेळचा शोक हाही ह्या न शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांचा शोक होता.

सर्वच चित्र उजळ नाही. खेळाच्या गोंगाटात अभ्यासाचा आवाज बुडतो, ही तक्रार त्या काळीही होती व आजही आहे. ती खोटी म्हणता येत नाही. पंगतीस कोण नव्हते हेही पाहावे. उन्हाळी वर्ग १९१८ साली सुरू झाल्यापासून शेकडो धर्मभगिनी तेथे शिकून पदव्या घेऊन गेल्या. आपापल्या शाळांत त्यांनी जन्मभर खडू झिजविले. पण मठाच्या शिस्तीमुळे रात्रीच्या मेजवानीस त्यांनी येणे शक्यच नव्हते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास तर १९४४ पर्यंत प्रवेशच नव्हता. फ्रेझियर थॉम्प्सन हे पहिले पदवीधर झाले १९४७ मध्ये. ज्या संस्थेने स्वतः क्लॅनचा द्वेष सोसला तिला ही गोष्ट उमजण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागावा, ह्याचे आम्हांस दुःख वाटते. पदवीपूर्व वर्गांत मुलींस प्रवेश मिळाला तो १९७२ साली.

ह्या साऱ्या काळात माजी विद्यार्थी संघाचे चिटणीस होते जेम्स आर्मस्ट्राँग. सन १९२६ पासून १९६७ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळिले. पत्ते लिहिणे, पत्रे पाठविणे, मृतांची नोंद ठेवणे, नव्या गावी मंडळ काढू पाहणाऱ्यास नियम कळविणे. काम म्हटले तर कारकुनी, पण चाळीस वर्षे न थकता केले. योगायोग असा की ते निवृत्त झाले त्याच १९६७ साली अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग ह्यांनी विद्यापीठाचा कारभार होली क्रॉस संघाच्या एकट्याच्या हातून काढून प्रापंचिक व गुरू ह्यांच्या संयुक्त विश्वस्त मंडळाकडे सोपविला. व्हॅटिकन परिषद संपून दोनच वर्षे झाली होती. प्रापंचिकांचे चर्चमधील स्थान ह्याविषयी परिषदेने जे सांगितले ते इतरत्र पुष्कळांस नवे वाटले. ह्या विद्यापीठापाशी मात्र पंगतीपासून हिशेबापर्यंत चार दशके तालीम झालेली माणसे तयार होती.

होली क्रॉस संघाचे गुरू १८५३ पासून पूर्व बंगालातही कार्य करीत आले आहेत. त्यांनी ढाका येथे १९४९ साली काढिलेल्या कॉलेजास १९५४ मध्ये नोत्र दाम हेच नाव देण्यात आले. अमेरिकेतील विद्यापीठाची मंडळे आज दोनशेहून अधिक आहेत. पंगत चालू आहे. १९८६ पासून फादर हेसबर्ग ह्यांच्या नावाची एक व्याख्यानमालाही चालते, तीत प्राध्यापक गावोगावच्या मंडळांत जाऊन बोलतात. दर उन्हाळ्यात, सत्र सुरू होण्यापूर्वी, पुष्कळ मंडळे आपल्या भागातून प्रथमच विद्यापीठास निघालेल्या मुलामुलींस आईबापांसह बोलावितात. कोणाच्या तरी अंगणात टेबले मांडिली जातात, साधेसे खाणे होते. वर्षभर पुढे गेलेली मुले नव्यांस कोणत्या वसतिगृहात थंडी जास्त लागते ते सांगतात, आणि आया एकमेकींचे दूरध्वनी क्रमांक उतरून घेतात.